भोयरकाकांचा गजगा

आमच्या प्रताप नगरात कुणाला शिंक आली तरी ती आधी शेजारच्या भोयरकाकांना ऐकू यायची. त्यांच्या शर्टाच्या खिशात गजग्याच्या पाच-सहा बिया कायम खुळखुळत असायच्या. त्या आवाजावरून काका गल्लीत कुठवर आले ते घरबसल्या कळे, आणि ज्याला औषध नको असे त्याला दार लावून घ्यायला वेळ मिळे.

गजगा म्हणजे सागरगोटा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी गावाकडच्या रानातून बिया आणून मागच्या भिंतीलगत लावल्या. दोन पावसाळ्यांत त्या काटेरी वेलानं भिंत चढून आमच्या बाजूला बस्तान मांडलं. फांद्यांना आकड्यासारखे काटे, शेंगांनासुद्धा काटे. माझ्या दोन ओढण्या आणि गॅसवाल्याची एक बाही त्यानं फाडली. मी तक्रार केली, तर काका शांतपणे म्हणाले, "तुह्या घरी चोर आला का आतापर्यंत? नाई ना? मंग." चोरच काय, मागच्या दारानं पाहुणेही येईनासे झाले होते.

त्यांच्या गावी शेताला कुंपण गजग्याचं, पोरींना खेळायला बिया गजग्याच्या आणि तापावर औषधही तेच. बी भाजायची, फोडायची, आतला गर काळ्या मिऱ्यांबरोबर कुटायचा. चमचाभर पावडर तोंडात टाकली की ताप सावकाश उतरे, जगण्याची इच्छा मात्र लगेच उतरे. तोंड वाकडं केलं की काका खूश. "कडू हाये म्हणूनच ताप पयते," असं ते प्रत्येकाला ऐकवत.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर भोयरकाकूंना ताप आला. काकांनी पावडर सुरू केली. तिसऱ्या दिवशी मी रक्त तपासायचं सुचवलं, तर काका दुखावले. "अख्खी गल्ली माह्याकडून औषध नेते अन् माह्याच घरात डॉक्टर? लोक काय म्हणतीन?" पाचव्या दिवशी काकू पाणी घ्यायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. रिक्षात घालून त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला, प्लेटलेट फार उतरलेल्या. इतके दिवस काय करत होता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली.

काकू वाचल्या. घरी आल्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ठसक्यात सांगू लागल्या की त्या चार दिवसांत पावडरीनंच त्यांना धरून ठेवलं. झालं, वाट्या घेऊन बायका दारात हजर. दोन दिवस काकांनी त्यांना 'उद्या या' म्हणून टाळलं. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माह्यासाठी खोटं बोलून राहिली. पावडरीनं काई झालं नाई. माह्या हट्टापायी चार दिवस गेले, अन् ही मरता मरता वाचली. आधी रक्त तपासून या." वाट्या रिकाम्या परत गेल्या. चारचौघींत आपल्याला खोटं पाडलं म्हणून काकूंनी त्यांच्याशी अबोला धरला, आणि काका आठवडाभर स्वतःच चहा करून प्यायले. त्यांचा चहाही कडूच असे. त्यानंतर रिपोर्ट दाखवल्याशिवाय त्यांनी कुणाला चिमूटभरही पावडर दिली नाही.

या जानेवारीत काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, पाच मिनिटांत. मी काकूंजवळ बसले होते. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की काका शेवटी खरं बोलले हे बरं झालं.

"मी बी खोटं नव्हती बोलली वं," काकू म्हणाल्या. "थे चार दिवस ह्यायनं माहा हात सोडला नाई. पावडर देत अन् तसेच उशाशी बसून राहत. त्यानंच टिकली मी. बायायले हे कसं सांगू? म्हणून पावडरीचं नाव घेतलं." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "अन् ह्यायले सांगाचं राहूनच गेलं."