रुखवतावरचं डांबर

मंडळी, आज इंदापूरजवळ उजनीच्या काठावर होडीची वाट बघत होतो. एक वऱ्हाडही पलीकडच्या गावी लग्नाला निघालं होतं. त्यांच्यासाठी म्हणून नावाडी तात्यांनी कालच होडीला डांबर फासलेलं, ते अजून ओलंच होतं. रुखवताचा पितळी हंडा आत ठेवताना त्याला काळा पट्टा लागला.

"तात्या, लेकीचं रुखवत काळं घिऊन जाऊ व्हय?" नवरीची आई रडकुंडीला आली.

"तुमच्यासाठीच फासलं की वैनी!"

माझ्या स्कूटरच्या डिकीत गंज सोडवायचा स्प्रे होता. तो फवारून फडक्यानं पुसलं, तर डांबर सुटलं. मग हंडा साबणानं धुतला. तात्यांनी बसायच्या फळ्याही तशाच पुसून घेतल्या.

हंड्याच्या बुडाशी एक ठिपका उरला होता. मी पुन्हा स्प्रेचा डबा उचलला, तसा नवरीच्या आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. दृष्ट लागाय नको. तीट हाय ती."

तुम्ही पुसला असता का?