दाराशी धरलेलं टोक

हे मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. परवा शेजारी ओल्या सिमेंटचा वास आला आणि भिंगारच्या घराची बाथरूम मी स्वतः करायला घेतली होती, ते दिवस आठवले. तात्या, म्हणजे माझे वडील, जन्मभर गवंडी. मदतीला तिसगावहून आले. "मोबाईल बघून फरशी बसवतोय आमचा साहेब," म्हणून हसले. लेव्हलसाठी पाणी भरलेल्या पाईपचं एक टोक त्यांनी पाणी जायच्या जाळीपाशी धरलं, दुसरं मी दाराशी. हलवताना सांडू नये म्हणून तोंडावर अंगठा दाबायचा, पण खूण करताना काढायचा. दोन्ही तोंडं उघडी असली तरच पाणी सारख्या पातळीला येतं. "अंगठा काढला का रं?" त्यांनी विचारलं. मोबाईलमध्ये बघत मी "काढलाय" म्हणालो आणि भिंतीवर खूण केली. अंगठा पाईपच्या तोंडावरच होता, आणि त्याच खुणेवरून आम्ही फरशीचा उतार धरला. फरशी पक्की झाल्यावर पहिली बादली ओतली, तर पाणी जाळीकडं न जाता स्वयंपाकघरात आलं. बायको आणि मेहुणे बघत होते. मला अंगठा आठवला, तरी मी म्हणालो, "तात्या, जन्मभर लोकांच्या घरात असलाच उतार काढला का?" मेहुणे हसले. तात्या वाकून फरशीवर हात फिरवत म्हणाले, "माझंच चुकलं आसंल. नीट दिसत न्हाई आता." गावी जाऊन त्यांनी थापी, ओळंबा, सगळी हत्यारं देऊन टाकली. आता कुणी साधी पायरी बघायला बोलावलं तरी जात नाहीत. फोनवर मात्र दर वेळी विचारतात, "पानी अजून भाईर येतं का?" मी हो म्हणतो. चूक माझी होती, हे मेहुण्यांच्या देखत त्यांना सांगणं अजून बाकी आहे.