आत्याचं रक्त

मी देवासची, दिली धारला, सख्ख्या आत्याच्या घरी. आतेभावाशी लग्न म्हटलं की शेजारची हिंदी मंडळी अजूनही कानाला हात लावतात. आमच्यात मात्र भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा. मी लहानपणापासून पांढरी फटक, जिना चढले की धाप लागायची. आत्याही तशीच, म्हणून सगळे म्हणत, आत्यावर गेलीय.

मला दिवस गेले आणि आत्याने माझ्या रक्ताचा ठेकाच घेतला. बीट, खजूर, लोखंडी कढईतली पालेभाजी, वर टॉनिक. मी चिडायची, पण गिळायची. रक्त काही वाढेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी करवली. मी थॅलेसेमियाची वाहक निघाले.

"आयरन की कमी है ही नहीं," त्या म्हणाल्या. "टॉनिक बंद कीजिए, बेवजह शरीर में जमा होगा. इन महीनों में खून थोड़ा और गिर सकता है, हम देखते रहेंगे. शादी रिश्ते में हुई है?"

मी मान हलवली. नवराही वाहक असेल, तर बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागण्याची भीती होती.

नवरा पीथमपूरच्या बसमधून उतरला तो तसाच तपासणीसाठी रक्त द्यायला गेला. त्याच्यामागे आत्याही गेली. रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. त्या रीतीचा राग येत होता, आत्याचाही. तिने तो ओळखला. म्हणाली, "भावाकडून मीच मागून घेतलं तुला. अब जो होगा, माझ्या माथी."

नवरा वाहक नव्हता. मी देवघरापुढे बसून मनसोक्त रडले. वाहक होती आत्या. तिची सासू जाईपर्यंत तिला कामचुकार म्हणत आली. दुपारी जरा पाठ टेकली तरी घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही वाहकांना असा थकवा येतो. ते मी आत्याला सांगितलं.

"म्हणजे मी आळशी नव्हते ना गं?"

मुलगी आता शाळेत जाते. तीही वाहक आहे, पण ठणठणीत. देवाचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. दुपारी आत्या आडवी झाली की नात दार हळूच लोटून घेते आणि येईल त्याला बजावते, "आजी सो रही है, उठवायचं नाही."