चौकटीतली लांब ओळ

छतातली कडी सिमेंटच्या ढेकळासकट सुटली आणि लोखंडी पाळणा फरशीवर आपटला. पाळण्याकडे पाठ करून बसलेल्या माझ्या सुनेनं मागे वळायच्या आधीच डोळे मिटून घेतले. थोड्या वेळापूर्वी तिनंच लेकराला त्यात निजवलं होतं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. तुम्हीही मानू नका. झालं ते सांगते.

आम्ही समुद्रपूरचे. सून वैशाली घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. तेव्हा कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचा प्रोग्राम इंग्रजीतून मराठीत आणत होती. स्क्रीनवर एक चौकट, तिच्या माथ्यावर चार टॅब — गाडी, शेतकरी, माल, पावती. टॅब दाबला की त्याचं पान समोर येतं, बाकीची मागे झाकलेली राहतात. मराठी ओळी लांब होतात, कडेला कापल्या जातात. म्हणून तिनं असं केलं, की चारही पानांतली सगळ्यात लांब ओळ जेवढी, तेवढी चौकट आपोआप रुंद व्हावी. मी चौथी शिकलेली. मोठ्यानं वाचते, अंदाजानं पुढे जात नाही. ओळ कुठं तुटली ते कळावं म्हणून ती मला शेजारी बसवायची.

त्या दुपारी चौकट नको तेवढी रुंद होत होती.

"कुठंतरी लांब ओळ हाय, आई. पण दिसून नाई राह्यली."

"तूच टाकली असशील."

"मी काऊन टाकू? वाचा बरं तुम्ही."

ती एकेक टॅब दाबत गेली, मी वाचत गेले. पावतीच्या पानावर, अगदी तळाशी... मी वाचलं, "आधी पाळण्यातलं लेकरू उचला."

"मस्करी नका करू, आई. तिथं कोरं हाय."

"मले दिसून राह्यलं."

"चष्मा पुसा मंग," म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

मला मस्करी जमत नाही. मी उठले. वाद नंतरही घालता येतो. पाळण्यापासून चुलीपर्यंत आले असेन, तेवढ्यात तो आवाज झाला.

"डोळे उघड," मी म्हणाले. "माह्या कडेवर हाय."

गवंड्यानं कडी गंजलेली दाखवली. ते समजलं. वैशालीनं सगळा प्रोग्राम धुंडाळला, तशी ओळ कुठंच नव्हती. तिनं काहीही न बदलता चौकट मात्र बरोबर मापाची झाली. का झाली, ते तिला सांगता येत नाही... मला तर नाहीच.

पाळणा भंगारात दिला. नात वाचली. आता अंगणवाडीत जाते.