कसं उघडता ते सांगा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मामांचं किल्ल्यांचं दुकान आहे. वय अडुसष्ट, अंगात खिसेच खिसे असलेला ॲप्रन आणि जिभेला भलतीच धार. त्यांच्या बहिणीची मुलगी त्यांना मामा म्हणते म्हणून सगळी गल्ली म्हणते. मी त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान, तरी मीही म्हणते. माझं औषधांचं दुकान अगदी समोर, त्यामुळे हा माणूस मला पुरता ठाऊक आहे.

किल्ल्या कापायच्या यंत्रामागे एक खोली आहे आणि खोलीत एक टेबल. गेली सव्वीस वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही तिथे खेळतो. खेळ सगळा तोंडी. एकाने सांगायचं, की समोर अंधारा जिना आहे, भिंतीला ओल आहे, खालून काहीतरी खरडल्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने सांगायचं, की आम्ही काय करतो. जिथे नक्की ठरत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझी सून याला ‘सासूबाईंची भुताटकी’ म्हणते. म्हणू दे.

सांगणारे अर्थातच मामा. कुलपांत जन्म गेलेला माणूस! त्यांच्या तळघरात ‘मी कुलूप उघडते’ म्हणून भागत नसे. ते म्हणत, “उघडते म्हणू नका, कसं उघडता ते सांगा.” मग तार कुठली, किती वाकवली, दाराला कान लावला का, सगळं सांगा. आमचा निवृत्त कंडक्टर एकदा घाईघाईत ‘भोकात बोट घालून बघतो’ म्हणाला आणि त्याचं पात्र पुढची दोन वर्षं नऊ बोटांनी लढलं. फासा सगळ्यांसमोर पडायचा, मामा तो मोठ्याने वाचायचे, आणि मेलं तर मेलं. माझी आजवर सतरा पात्रं मेली, त्यातलं पहिलं तर बसल्यावर दहा मिनिटांत. शिवाय टेबलाची एक रीत होती: ज्या फाशाने कुणी मेलं, तो पुढच्या रविवारपर्यंत पडला तसाच ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही. दुखवटाच म्हणा ना.

गेल्या वर्षी भाची शिक्षण संपवून परत आली. पडलेल्या, मोडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. शिकायला होती तिथे तीही हाच खेळ खेळायची, पण नव्या पद्धतीने. पहिल्याच रविवारी तिने आपल्या पात्राची अकरा पानी हकिगत टेबलावर ठेवली. पात्र वैद्यीण होतं. तिचं गाव, तिची आई, तिला कशाची भीती वाटते, सगळं त्यात होतं. मामांनी पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली.

“एवढं लिहिलंस, आणि पहिल्याच खड्ड्यात पडली तर?”

“मामा, आमच्याकडे कोणी उगाच मरत नाही. गोष्ट पुढे जायला हवी ना?”

“लाडाचा खेळ,” मामा म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी दोघांची जुंपायची. ती विचारायची, “पण माझ्या वैद्यिणीला काय वाटतंय ते कोणी विचारणार आहे का?” मामा म्हणायचे, “तिला काय वाटायचं ते वाटू दे, आधी जमीन काठीने ठोक.” मला दोन्ही पटायचं. कंडक्टरला चहा मिळाला की काहीही पटायचं.

आणि मग तो रविवार आला. वैद्यिणीला विषारी बाण लागला. मामांनी नियम सांगितला: आठ किंवा वर पडले तर जगली. भाचीने फासा टाकला. मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “सहा. मेली.”

फाशावर सहा आणि नऊ दिसायला सारखेच असतात. आकड्याखालच्या रेघेवरून कुठला कुठला ते कळतं. मी भाचीच्या शेजारीच बसले होते. ते नऊ होते. भाचीलाही ते दिसलं. तिचं तोंड उघडलं, मामांकडे पाहून ते मिटलं, आणि अकरा पानं तिने निमूट पिशवीत घातली. मीही मूग गिळून बसले. कंडक्टर चहा ओतत होता.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला वर्षभर माहीत होतं. थेंब मागायला यायचे. थेंबांनी तो जात नाही, ऑपरेशन करा, असं सांगून माझा घसा सुकला होता. “मी बोटांनी किल्ली कापतो,” हे त्यांचं उत्तर.

पुढच्या शनिवारी दुकानावर पाटी लागली: रविवारी खेळ नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तीच. तिसऱ्या आठवड्यात मी कपाटाची किल्ली करायच्या निमित्ताने आत घुसले. टेबलावर फासा अजून तसाच पडला होता. शेजारी मामांचं कुलपं तपासायचं भिंग. मला काय ते कळलं.

“दुसऱ्याच दिवशी उजेडात बघितलं,” मामा म्हणाले. “नऊ. तुम्हाला दिसले होते?”

मी होकारार्थी मान हलवली.

“तिलाही?”

“हो.”

“मग बोलली का नाही? माझ्या टेबलावर माझीच कीव? सव्वीस वर्षं फासा म्हणेल ते खरं, म्हणून लोक इथे बसले. आता तो मलाच वाचता येत नाही. बंद करतोय टेबल. फासे घेऊन जा, तुमच्या नातवंडांना खेळायला होतील.”

मला रडू आलं आणि रागही आला. या वयात मी दुसरं टेबल कुठे शोधू? घरी जाऊन मी भाचीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, सगळ्यांसमोर त्याला कसं सांगायचं होतं मी? आता रविवारी मी चालवते. त्याला खेळाडू म्हणून बसवते.”

“ते बसायचे नाहीत.”

“बसेल. त्याच्याच खोलीत खेळणार आहोत आपण, जाईल कुठे?”

मामा बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूला, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. भाचीने पात्राची हकिगत मागितली तर त्यांनी कागदावर चारच शब्द लिहिले: कुलूपवाला. हातात काठी. बस. खेळ सुरू झाल्यावर त्यांनी प्रत्येक फरशी ठोकून बघितली. तासाभरात आम्ही वीस पावलं गेलो असू. कंडक्टर पेंगायला लागला होता.

मग एक बंद दार आलं. मामा खुलले. पाच मिनिटं त्यांनी ते कुलूप कसं उघडतात ते सांगितलं, आणि खरं सांगते, मला त्या कुलपाचा खटका ऐकू आला. भाचीने फासासुद्धा मागितला नाही.

“उघडलं,” ती म्हणाली. “आत काय आहे ते तू सांग, मामा.”

“मी? तू चालवतेयस.”

“आमच्यात खेळाडूंनाही विचारतात.”

मामा टेबलाकडे बघत राहिले. फासा तीन आठवडे पडून होता तिथेच अजून होता. कोणी हलवला नव्हता.

“आत वैद्यीण आहे,” ते म्हणाले. “मेली नव्हती. नऊ पडले होते, मी सहा वाचले. मला दिसत नाही नीट.” कंडक्टर खडबडून जागा झाला. मामा भाचीकडे वळले. “आणि तुला दिसलं होतं. ह्यापुढे दिसेल ते बोलायचं.”

“बोलेन,” भाची म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“पण तीन आठवडे आत पाणी नाही. फुकट जगवायची नाही. हाच फासा उचल, टाक. आठ किंवा वर.”

तिने टाकला. मामांनी भिंगाला हात घातला नाही. “तू वाच,” म्हणाले.

भाचीने वाकून बघितलं. मीही बघितलं.

“चार,” ती स्पष्ट म्हणाली.

मामांचा चेहरा इतका उजळला, की कुणाला वाटावं त्यांना वीस पडले.

“पण टेबल आता मी चालवतेय,” भाची म्हणाली. “चार म्हणजे मरण नाही, चार म्हणजे काहीतरी द्यावं लागेल. विषाने तिचे डोळे गेलेत. ती जिवंत आहे, पण तिला दिसत नाही. बाहेर कशी येणार?”

मग मामा हळूच म्हणाले, “मी हात धरतो तिचा.”

भाचीने नाक पुसलं आणि ताठ बसली.

“धरतो म्हणू नकोस, मामा. कसा धरतोस ते सांग.”

“डाव्या हाताने,” मामा म्हणाले. “उजव्यात काठी आहे. मी जमीन ठोकत पुढे, आणि ती मागे. आणि पायरी आली की आधी सांगतो.”