निंबाखालचा देव

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं, तेव्हा मी टिनाचे पत्रे आणले, दाराच्या चौकटी आणल्या, फुटका रांजणसुद्धा आणला. राहिला तो देव. अंगणातल्या निंबाखाली आमचा शेंदराचा गोटा होता. घर हललं की देव सुनेनं पदरात घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. पण निघायच्या दिवशी माझं मालकांशी भांडण झालं आणि मी रागात म्हणाले, "देव तुम्हीच घ्या." माझी जीभ मेली फार चालते. यांना वाटलं, राग उतरला की मीच घेईन. मला वाटलं, यांनी घेतला. नव्या घरात पेट्या उघडल्या, तोवर तिकडे पाणी चढलं होतं.

तेव्हापासून माझी झोप उडाली. छातीत धडधड, घास उतरेना. ज्याला आपल्या हातानं बुडवलं त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं? मी पूजाच सोडली. यांच्याशी बोलणंही तिखटमिठापुरतं उरलं. कितीतरी वर्षं अशीच काढली. शेवटी हेच मला तालुक्याला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मला काय वेड लागलंय, असं मी वाटभर यांना ऐकवलं.

बाईंनी गोळ्या दिल्या, शिवाय दर मंगळवारी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात बोलावलं. तिथं एकाच सतरंजीवर बांगड्या भरणारी खाला, कॉलेजातली एक पोरगी, आणि बायको गेल्यापासून तोंडातून शब्द न काढलेले, मासे धरणारे एक म्हातारे दादा. कोणी गायचं, कोणी चित्र काढायचं, नुसतं रडायचं असेल तर तेही चालायचं. मला बाईंनी ओल्या मातीचा गोळा दिला. बोलवत नसेल तर हातांना बोलू द्या, म्हणाल्या. जन्मभर धानाची रोवणी केलेले हात ते, चिखल लागताच सैल झाले. तीन मंगळवार मी आमचं गाव घडवत होते. पाणी साठवायची बोडी केली, पायऱ्यांची विहीर केली, घर केलं, अंगणात निंब उभं केलं. निंबाखाली मात्र हात थांबले. तो गोटा काही केल्या वळेना.

दादा शेजारी बसून बघत होते. ते वाकले, आणि त्या मातीच्या झाडाला बोट लावून हळूच बोलले.

"या निंबाले मी डोंगा बांधतो, बाई. वाळलं, पण उभं हाये. उन्हाळ्यात पाणी उतरलं का खाली देव दिसते. मी शेंदूर लावतो त्याले. पाया पडल्याबिगर जाळं टाकत नाही."

मी अशी रडले की बाहेर बाकावर बसलेले हे धावत आत आले. मी म्हटलं, "अजी, आपला देव एकटा नव्हता जी." यांनी माझे मातीचे हात धरले. मग आम्ही दोघांनी मिळून तो इवलासा गोटा वळला.

गेल्या उन्हाळ्यात दादांनी आम्हाला डोंग्यातून तिथं नेलं. शेंदूर ताजा होता. हे म्हणाले, "घे आता पदरात." मी वाकले, पदर पसरला, आणि दादांकडे पाहिलं. ते तोंड फिरवून दोर सोडवत बसले होते.

"राहू द्या जी," मी म्हटलं. "त्याले आता दादाची सवय झाली असन."

माझ्यावाचून देवाचं अडेल, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. त्यानं आपली सोय केव्हाच लावली होती, आणि माझीही. गोळ्या चालू आहेत, मंगळवारही चालू आहे. झोप लागते. संध्याकाळी आम्ही धरणाकडे तोंड करून दिवा ठेवतो. वात मी वळते, दिवा हे लावतात.