खिळ्यावरची किल्ली

आमच्या ह्यांना बिल्डिंगमध्ये सगळे ‘रिव्हर्सकाका’ म्हणतात. जन्मभर बस चालवली, स्वतःची गाडी म्हणाल तर एक स्कूटर. पण आमचं फाटक इतकं अरुंद, की गाडी मागे घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून वॉचमनच्या खोलीबाहेर एक फळी ठोकलीय, तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांवर सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या. सकाळचा चहा झाला की हे खाली जातात आणि एकेक गाडी बाहेर काढून रस्त्याला लावतात. कुणी सांगत नाही, हे कुणाला विचारत नाहीत. किल्ली खिळ्यावर आहे म्हणजे गाडी काढायची. निवृत्त झाल्यापासून हा माणूस त्या फळीच्या जोरावरच टुणटुणीत आहे, हे माझं स्पष्ट मत.

मागच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्याच दातांच्या डॉक्टरांची नवी गाडी ह्यांच्या हातून खांबाला घासली. दार चांगलंच चेपलं. हे वर आले आणि म्हणाले, “काळजी नको. माझा विमा आहे.”

“कसला?”

“स्कूटरचा. चालवत कोण होतं? मी. मग विमा माझाच लागणार.”

मी कपाळावर हात मारून घेतला. स्कूटरच्या विम्यात मोटारीचं दार कसं बसायचं? पण खरं सांगते, मग काय बसतं ते मलाही ठाऊक नव्हतं. जिन्यात विचारलं तर एक म्हणे, मालक स्वतः चालवत असेल तरच पैसे मिळतात. दुसरा म्हणे, घरच्यांनी चालवली तरी मिळतात. काका घरचे धरायचे का, यावर त्यांची आपसांतच जुंपली. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला. शेवटी धाकट्या भावाला बोलावलं. तो विम्याचा एजंट.

“भावजी, विमा गाडीचा असतो,” तो म्हणाला. “चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं आणि मालकाची परवानगी हवी. पॉलिसीत वेगळं काही नसेल तर डॉक्टरांच्याच विम्यातून काम होईल.”

“लायसन्स आहे,” हे म्हणाले.

“आणि परवानगी?”

“किल्ली खिळ्यावर होती.”

“ते झालं हो. पण डॉक्टर ‘घ्या’ म्हणाले होते का?”

“खिळ्यावर होती की रे.”

भाऊ डोकं खाजवत बसला. कंपनी डॉक्टरांना विचारणार, म्हणाला, आणि ते नाही म्हणाले तर ती न विचारता नेलेली गाडी. न विचारता नेणाऱ्याला काय म्हणतात ते तो बोलला नाही, पण ह्यांना ते ऐकू आलं. ताटावर बसले आणि तसेच उठले.

संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. माणूस भला, पण गोंधळलेला. “तसं मी घ्या म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले. “पण नका घेऊ असंही कधी म्हणालो नाही. मग ते काय धरायचं?”

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या दाढा उपटताना डॉक्टरांचा हात अडत नाही, आणि एका ‘हो’साठी एवढं अडायचं? मी तसं तोंडावर बोलले. हे मान खाली घालून चपलेकडे बघत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, “हो, माझी परवानगी होती.” कंपनीलाही त्यांनी तसंच कळवलं. दाराचं काम मार्गी लागलं. सुटलो, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खाली गेले आणि वर येईनात. म्हणून मी गेले. फळीवर नुसते खिळे. परवानगीची भानगड बिल्डिंगभर पसरली होती आणि उगाच कटकट नको म्हणून सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या घरी नेल्या होत्या. फाटकात एकजण गाडी मागेपुढे करत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. हे फळीसमोर उभे.

“विम्याचं काम झालं ना?” त्यांनी मला विचारलं. “मग हे काय?”

रागवायचं तरी कुणावर? कुणी वाईट वागलं नव्हतं. मी वर गेले, आमच्या स्कूटरची किल्ली आणली आणि मधल्या खिळ्यावर अडकवली.

ह्यांनी हात पुढे केला आणि तिथंच थांबवला.

“घेऊ का?” ते म्हणाले.

“अहो, आपलीच आहे.”

“तसं नको,” हे म्हणाले. “तू हो म्हण.”